बस जिथे जात नाही: एका शाळेच्या रणभूमी सहलीचं प्रकरण

मी ऑक्सफर्डशरमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. २०१५ च्या सप्टेंबरात आमच्या विभागाने एका योजनेत नाव नोंदवलं. शाळेतली दोन मुलं आणि एक शिक्षक चार दिवस बेल्जियम-फ्रान्सच्या रणभूमीवर जाणार, खर्च सरकारचा. स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "फुकट?" आणि दुसरा, "दोनच?" पुढचे दोन महिने आम्ही दुसऱ्या प्रश्नाशी झगडत होतो. खरा घोळ तिसऱ्याच ठिकाणी होता आणि तो आमच्याच अर्जात दडलेला होता.

आधी योजनेबद्दल. पहिल्या महायुद्धाची शताब्दी जवळ आली तेव्हा, ऑक्टोबर २०१२ मध्ये, पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये पाच कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातले साधारण ५३ लाख पौंड शाळांच्या सहलींसाठी होते. इंग्लंडमधल्या प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतून दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक, असं सूत्र. शिक्षणाची बाजू युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या शिक्षणशास्त्र संस्थेकडे होती, बस आणि राहण्याजेवण्याची व्यवस्था एका शालेय सहल कंपनीकडे. २०१४ पासून सहली सुरू झाल्या. अट एवढीच की परत आल्यावर मुलांनी आपल्या गावात काहीतरी उभं करायचं. प्रदर्शन, व्याख्यान, वृद्धाश्रमातली भेट, जे जमेल ते. म्हणजे दोन मुलं पाठवायची ती गावाच्या वतीने.

निवड कशी करायची ते आमच्यावर होतं. नववीच्या वयाची, तेरा-चौदा वर्षांची मुलं पाठवायचं ठरलं आणि लगेच पेच पडला. निबंध स्पर्धा घेतली तर पहिल्या दोन कोण येणार हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. दोघंही हुशार, दोघांच्याही घरी पुस्तकांची कपाटं, आणि दोघंही दर उन्हाळ्यात आईवडिलांबरोबर फ्रान्सला जाणारी. चिठ्ठ्या टाका, असं भूगोलाच्या बाईंनी सुचवलं. ते न्याय्य होतं, पण परत येऊन शंभर माणसांसमोर उभं राहायला कुणीतरी आपणहून तयार असावं लागतं. मुख्याध्यापकांचा आग्रह होता की ज्यांना शाळेत सरकारी मोफत जेवण मिळतं, त्यांतलं किमान एक मूल असावं. इथे गरिबी मोजायची पट्टी हीच.

शेवटी मी एक पानाचा अर्ज तयार केला. आमच्या गावाच्या बाजारचौकात एक दगडी क्रॉस आहे, त्याच्या चौथऱ्यावर महायुद्धात गेलेल्यांची नावं. त्यातलं एक नाव निवडा, त्या माणसाबद्दल सापडेल ते अर्ध्या पानात लिहा, आणि परत आल्यावर काय कराल ते चार ओळींत सांगा. शैलीला गुण नाहीत, शोधाला गुण. अर्जाचं मला फार कौतुक वाटत होतं, ते नंतर उतरलं.

चौथऱ्यावरची नावं अशी: आडनाव आणि आद्याक्षरं. हुद्दा नाही, पलटण नाही, तारीख नाही. एकाच आडनावाचे तीन-तीन जण. शोध घ्यायचा तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर सुरुवात करायची, मग जनगणनेचे कागद, मग गावच्या वाचनालयात मायक्रोफिल्मवरची जुनी वर्तमानपत्रं. बहुतेकांनी पहिल्या पायरीवरच मुक्काम केला.

दोन अर्ज वेगळे होते. एका मुलीने तीन पानं जोडली होती, तिचा माणूस १९१७ च्या ऑक्टोबरात बेल्जियममधल्या पाशेनडेलच्या चिखलात नाहीसा झालेला. तिच्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. दुसरा अर्ज सहा ओळींचा. सोबत चौथऱ्यावरच्या नावाचा फोनवर काढलेला फोटो, त्यात स्वतःचं बोट आलेलं. मुलगा मागच्या बाकावरचा. वडील ट्रक चालवतात, महिन्यातून दोनदा डोव्हरहून फेरीने युरोपात माल नेतात. मुलगा मात्र समुद्रापलीकडे कधी गेला नव्हता. त्याच्या सहा ओळींतली चौथी ओळ वाचून मी चष्मा पुसला. त्याचा माणूस, त्याने लिहिलं होतं, युद्धाआधी 'आमेडनगर नावाच्या ठिकाणी' होता.

दुसऱ्या दिवशी तो वर्गानंतर थांबला.

"मिस, हे आमेडनगर इंडियात आहे ना? तुम्हाला माहीत आहे का कुठे?"

माझं माहेर पुण्याचं, खडकीचं. वडील दारूगोळा कारखान्यात होते. अहमदनगर म्हणजे आमच्यासाठी एस.टी.चा तीन तासांचा रस्ता आणि वाटेत शिरूरला चहा. त्याला मी तसंच सांगितलं. त्याला त्यात नवल वाटलं नाही. त्याच्या वडिलांच्या बोलण्यात गावं याच भाषेत येत असणार: इतके तास आणि वाटेत कुठे थांबायचं.

त्याने शोधलेलं खरं होतं. ऑक्सफर्डशर अँड बकिंगहॅमशर लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन १९१४ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरच्या छावणीत होती. ती सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनचा भाग होती. पुण्यात तेव्हा डॉर्सेट रेजिमेंटची बटालियन, बेळगावला नॉरफोकची. हीच डिव्हिजन मुंबईहून जहाजांनी मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, उतरली. ऑक्सफर्डशरच्या पलटणीबरोबर १७ व्या ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. ११० वी आणि ११७ वी मराठा त्याच डिव्हिजनच्या दुसऱ्या ब्रिगेडांत. खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, १७ आणि २२ नंबरच्या कंपन्याही सोबत. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे तेसिफोनला तुंबळ लढाई झाली, तिथून माघार घेत सगळे कूत-अल-अमाराला आले आणि अडकले. तुर्कांचा वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपलं, तोफखान्याचे घोडे कापून खाल्ले गेले. घोड्याचं मांस खाणं हिंदी शिपायांना धर्माच्या आड येत होतं, त्यामुळे त्यांच्यातली उपासमार आणखी भयानक. २९ एप्रिल १९१६ रोजी डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. तो स्वतः इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिला. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं. कैदेत पडलेल्या ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून जास्त घरी परतलेच नाहीत, आणि हिंदी शिपायांतलेही हजारो.

आमच्या मुलाचा माणूस त्यातलाच. १९१६ च्या उन्हाळ्यात कुठेतरी वाटेत मेला. कबर नाही. नाव बसऱ्याच्या स्मारकावर.

अडचण इथेच आली. सहलीच्या आधी प्रत्येक शाळेने आपापल्या सैनिकाचा तपशील तयार ठेवायचा होता, म्हणजे वाटेत त्याच्या कबरीशी किंवा नावाशी थांबता येईल. आमच्या मुलाचा माणूस तर चार हजारांहून अधिक किलोमीटर दूर. विभागाची बैठक झाली. आमच्यापुढे तीन वाटा होत्या. मुलाला वगळून राखीव यादीतल्या पुढच्याला घ्यायचं. त्याला त्याच नावासह पाठवायचं आणि वाटेत त्याला थांबायला जागा नसेल हे मान्य करायचं. किंवा त्याला दुसरं नाव द्यायचं. विभागप्रमुख म्हणाले, "चौकात सोमला गेलेले डझनभर आहेत. त्यातला एक दे ना त्याला. तिथे गेल्यावर हात लावायला काहीतरी हवं पोराला." सोम म्हणजे उत्तर फ्रान्समधली रणभूमी, आमच्या बसच्या वाटेवरची.

मी हो म्हटलं. हे स्पष्ट लिहून ठेवते, कारण विभागाच्या फाइलमध्ये तो निर्णय 'सर्वानुमते' असा आहे आणि सर्वांत मी होते. पूना डिव्हिजन म्हणजे काय ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तरी मी हो म्हटलं, कारण सोयीचं होतं.

मुलगा काही बोलला नाही. सोमचं नाव त्याने घेतलं, दोन दिवसांत त्याचीही माहिती काढून आणली. आधीच्या अर्जापेक्षा नीटनेटकी.

तक्रार आली ती भलतीकडून. निवड न झालेल्या एका मुलीच्या आईने पत्र लिहिलं की सहा ओळी लिहिणाऱ्याला जागा आणि माझ्या मुलीच्या दोन पानांना नाही, हा कुठला न्याय? पत्र सभ्य होतं आणि चूकही नव्हतं. गुण शोधाला आहेत, असं आम्ही उत्तर दिलं. पण ज्या शोधासाठी त्याला जागा दिली, तोच शोध आम्ही बाजूला ठेवायला लावला होता, हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं.

मग पासपोर्टांचं. मुलाचा नव्हताच, फी शाळेच्या एका निधीतून भरली. मुलीचा होता. उरले मी. माझा पासपोर्ट भारतीय, म्हणजे शेंगेन व्हिसा. तीन महिन्यांची बँकेची पानं, शाळेचं पत्र, बोटांचे ठसे. खिडकीमागच्या तरुणाने विचारलं, प्रवासाचं कारण? मी म्हटलं, युद्धस्मारकं. त्याने 'पर्यटन' वर खूण केली. २६ सप्टेंबर १९१४ ला मार्सेयच्या बंदरात हिंदी फौजेची पहिली जहाजं लागली, त्यांत पासपोर्ट कुणाकडेच नव्हता. असे विचार रांगेत उभं असताना फार सुचतात.

२०१६ च्या मार्चच्या सुरुवातीला निघालो. एका बसमध्ये बऱ्याच शाळा, प्रत्येकीची दोन-दोन मुलं, म्हणजे सुरुवातीला कुणीच कुणाला ओळखत नाही. बरोबर एक गाईड आणि सैन्यातला एक कॉर्पोरल. योजनेची ही गोष्ट मला आवडली की प्रत्यक्ष नोकरीत असलेला सैनिक मुलांबरोबर होता. गाईड चांगला होता, व्याख्यान झोडत नसे. थडग्यांच्या रांगेत उभं करून एकच प्रश्न टाके आणि गप्प राही.

बेल्जियमच्या इपर शहराजवळची लाइसेनथूकची दफनभूमी हे त्या दोन मुलांसाठी बहुधा सगळ्यात मोठं ठिकाण ठरलं. तिथे फील्ड हॉस्पिटलं होती, जखमी यायचे आणि बरेचसे तिथेच राहायचे. दहा हजारांवर थडगी. त्यांत जर्मन आहेत, चिनी मजूर आहेत, आणि एकच स्त्री: नेली स्पिंडलर, नर्स, २१ ऑगस्ट १९१७ ला तोफगोळ्याने गेली. आमची मुलगी तिच्या थडग्यापाशी बराच वेळ थांबली, मग वही काढून काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं नाही. लांगेमार्कच्या जर्मन दफनभूमीत उलट. तिथे ४४ हजारांहून अधिक माणसं, त्यातले जवळजवळ २५ हजार एकाच सामायिक कबरीत. काळपट सपाट दगड, ओकची झाडं, फुलं जवळजवळ नाहीत. मुलं आपोआप हळू बोलायला लागली. "हे हरले म्हणून असं का?" एकाने विचारलं. गाईडने तो प्रश्न तसाच ठेवून दिला.

टाइन कॉटच्या ब्रिटिश दफनभूमीत मुलीचं नाव सापडलं. मागच्या वळणदार भिंतीवर सुमारे ३५ हजार नावं आहेत, १९१७ च्या ऑगस्टच्या मध्यानंतर बेपत्ता झालेल्यांची. पलटणीचा फलक शोधला, हुद्द्याखाली आडनाव, बोट फिरवलं, मिळालं. तिने पेन्सिल घासून कागदावर ठसा घेतला. दहा मिनिटांत सगळं झालं, योजनेच्या माहितीपत्रकात असावं तसं. पुढे तिचं प्रदर्शनही छानच झालं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण तिथे काही अडलं नाही.

संध्याकाळी इपरचं मेनिन गेट. १९२७ मध्ये उभारलेली ही कमान, तिच्यावर ५४ हजारांहून अधिक बेपत्तांची नावं. १९२८ मध्ये प्रथा पडली आणि १९२९ च्या नोव्हेंबरपासून रोज रात्री आठला इथे बिगुलावर 'लास्ट पोस्ट', म्हणजे मृत सैनिकांना निरोप देणारी धून, वाजवतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याची चार वर्षं सोडली तर एकही दिवस चुकलेला नाही. गर्दी तुफान. आठ वाजायला वीस मिनिटं असताना मी दोघांना बाजूच्या भिंतीकडे नेलं, हिंदी पलटणींची नावं दाखवायला. उजेड कमी, नावं उंच. मुलगी मान वर करून वाचत होती. "मिस, नाईक नावाचे इतके? एकाच कुटुंबातले का?"

नाईक म्हणजे हुद्दा, मी सांगितलं. आणि ते सांगताना जाणवलं की तिचा प्रश्न अगदीच खुळा नव्हता. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. माझ्या शाळेच्या हजेरीपटात हे सगळे आडनाव म्हणून होते. हवालदार माझ्या बाकावर बसायची. कुणाच्या तरी खापरपणजोबांचा हुद्दा घराला चिकटला आणि राहिला. इथल्या भिंतीवर त्याच शब्दांखाली दुसऱ्यांची नावं होती. मग बिगुल सुरू झाला आणि सगळे गप्प झाले.

तिसऱ्या दिवशी सोमकडे जाताना मी गाईडला विचारलं की न्यूव्ह शापेलला थांबता येईल का. इपरच्या दक्षिणेला, फ्रान्सच्या हद्दीत, एका चौरस्त्यावर ते स्मारक आहे. वास्तुविशारद हर्बर्ट बेकरने केलेलं गोल आवार, पंधरा मीटरचा खांब, त्यावर कमळ, पायाशी दोन दगडी वाघ, आणि ४,७०० हून अधिक हिंदी बेपत्तांची नावं. २८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावात खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या पायदळासारख्या घराघरांतून लढल्या. ज्यांचं काम पूल बांधायचं, त्यांच्या हाती संगिनी दिल्या. कंपन्यांची वाताहत झाली. गाईडला हे सगळं माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्तच. त्याने घड्याळ दाखवलं. वाकडी वाट केली तर तास-दीड तास जाणार, आणि बसचालकाच्या सलग गाडी चालवण्याच्या तासांना कायद्याची मर्यादा. तो म्हणाला ते खरंच होतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत मी आणि नवरा आपल्या गाडीने तिथे जाऊन आलो. आवारात आम्ही दोघं आणि गवत कापणारा एक माणूस.

पण मधल्या त्या प्रवासात एक गोष्ट झाली. आमचा मुलगा कॉर्पोरलच्या शेजारी जाऊन बसला होता. मागे वळून बघितलं तर दोघांची डोकी एका फोनवर वाकलेली. नंतर कळलं की मुलाने त्याला सहज विचारलं, तुम्ही कुठे कुठे गेलात? तो म्हणाला, अफगाणिस्तान, त्याआधी २००७ मध्ये बसरा. मुलाने लगेच त्याला आपल्या पहिल्या माणसाबद्दल सांगितलं. कॉर्पोरलने बसऱ्याचं स्मारक पाहिलं नव्हतं. त्याला ते तिथे आहे हेच माहीत नव्हतं. आपण जिथे सहा महिने होतो तिथे नव्वद वर्षांपूर्वी ऑक्सफर्डशरची पोरं मेली होती, हे त्याला चौदा वर्षांच्या मुलाने फोनवर नकाशा काढून सांगितलं. उष्णता, पाणी, धूळ याबद्दल मुलाने त्याला इतकं विचारलं की सोम येईपर्यंत तो थकला.

सोमवरचं थिएपव्हालचं स्मारक वास्तुविशारद लुटयेन्सचं, विटांची प्रचंड कमानींची चळत, ७२ हजारांहून अधिक नावं. मुलाने नव्या माणसाचा फलक दोन मिनिटांत शोधला. फोटो काढला, लाकडी क्रॉस पायाशी ठेवला. हे क्रॉस आम्हीच इथून नेले होते, रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेचे, वीतभर लांबीचे, मधे कागदी पॉपी, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या आठवणीचं लाल फूल. मग फलकावरच्या एका जागेकडे बोट दाखवून म्हणाला, इथे खड्डा का? गाईडने सांगितलं, एखाद्याचे अवशेष सापडून ओळख पटली आणि त्याला कबर मिळाली की भिंतीवरचं नाव काढतात. मुलाला हे फार आवडलं. भिंतीतून सुटलेला माणूस.

बसकडे परतताना त्याच्या खिशातून दुसरा क्रॉस डोकावत होता. मी विचारलं, हा कुणाचा?

"माझ्यावाल्याचा," तो म्हणाला.

परत आल्यावर त्याने सोमच्या माणसावर एक पान दिलं, पुरेसं होईल इतकं. आणि मग विचारलं, आमच्या वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा वापरू का? यादी घेऊन बसला. चौथऱ्यावरच्या ज्यांचा ज्यांचा शेवट कळला, त्या प्रत्येकाची टाचणी. लाल दोऱ्याने आमच्या बसचा मार्ग. बहुतेक टाचण्या दोऱ्याच्या आसपास, फ्रान्स-बेल्जियममध्ये दाटीवाटीने. पण दोन तुर्कस्तानातल्या गल्लिपोलीला, एक उत्तर समुद्रात, काही इंग्लंडमध्येच आजारपणाने गेलेले, आणि एक बसऱ्याला, नकाशाच्या कडेला. शुक्रवार २९ एप्रिल २०१६, कूतच्या शरणागतीला बरोबर शंभर वर्षं. त्या दिवशीची प्रार्थनासभा त्याने मागून घेतली. सात मिनिटं बोलला, कागद न बघता, चुकत-माकत. हॉलमध्ये शेवटी एकानेही टाळी वाजवली नाही, कारण टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळलं नाही.

त्या सभेसाठी त्याने माझ्याकडे एक काम दिलं होतं. त्याच ब्रिगेडमधल्या १०३ व्या मराठाच्या एखाद्या शिपायाचं नाव हवं, आपल्या माणसाच्या शेजारी लावायला. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक बेपत्तांची नोंद आहे, पण फलकांवर ब्रिटिश शिपायांची नावं आणि हिंदी पलटणींचे फक्त अधिकारी. बाकीच्यांचा नुसता आकडा, पलटणीच्या नावाखाली. नावं आहेत ती कमिशनच्या नोंदवहीत. संकेतस्थळावर ती सापडतात, आणि तिथे पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. फक्त तो इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसा लिहिलेला. मी दोन रविवार ती स्पेलिंगं मोठ्याने वाचत बसले. खेड, चिपळूण, पाटण ही तोंडाने म्हटल्यावर उमटत होती. एका ठिकाणी संगमेश्वर की सांगोला हे ठरवता येईना. नवऱ्याला वाटलं मी कीर्तन करतेय. शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातला एक शिपाई निवडला आणि मुलाला दिला. त्याने त्याचं नाव तीनदा उच्चारून घेतलं माझ्याकडून, आणि सभेत बरोबर म्हटलं.

कोकणात, सातारा भागात गावोगावी शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके महायुद्धाला गेले, इतके परत आले नाहीत. तिथेही आकडाच. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात, तिथल्या ४६ जणांचा आकडा तर प्रसिद्ध आहे. म्हणजे बसऱ्याच्या फलकावर आकडा आणि गावच्या पाटीवरही आकडा. कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्याच चौकशी अहवालात कबूल केलं की आशिया-आफ्रिकेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी किंवा मुळीच नोंद झाली नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत असू शकतो. माझ्या शिपायाचं नशीब एवढंच की कुणीतरी कारकुनाने त्याच्या बापाला विचारलं होतं.

योजनेवर माझा राग नाही. सरकारी शाळेतल्या, आईबापांना परवडलं नसतं अशा हजारो मुलांना ती घेऊन गेली, आणि प्रत्येकाच्या हातात एक नाव दिलं, हे थोडं नाही. पण बस डोव्हरहून चार दिवसांत जिथे जाऊन येऊ शकते तेवढंच युद्ध मुलांना दिसतं. बसऱ्याचं स्मारक मुळात माकिलच्या धक्क्यावर होतं. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते दगड दगड सोडवून नासिरियाच्या रस्त्यावर, ऐन रणभूमीत नेऊन उभारलं. तिथे कुठल्या शाळेची बस जाणार? आणि इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनबाहेरच्या टेकडीवर 'छत्री' नावाचं स्मारक आहे, १९२१ पासून. शहरातल्या हॉस्पिटलांत मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला त्या जागी, मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या तरुण वास्तुविशारदाने आखलेलं. तिथे जायला तर समुद्रही ओलांडावा लागत नाही. आमच्या शाळेने तोवर एकदाही तिथे मुलं नेली नव्हती.

पुढच्या वर्षी अर्ज बदलला. 'प्रवासमार्गावर कबर किंवा स्मारक असलेलं नाव' असं विभागप्रमुखांनी खबरदारी म्हणून घालायला सांगितलं होतं. मी ते घातलं नाही आणि या वेळी वाद घातला. तडजोड अशी झाली की नाव कुठलंही चालेल, पण मार्गाबाहेरचं असेल तर मुलाने आधीच ठरवायचं की तिथे न जाता त्याच्यासाठी काय करणार. छत्रीची एकदिवसीय सहल २०१७ पासून सुरू केली, त्याचे पैसे पालकच भरतात आणि ज्यांना जमत नाही त्यांचे शाळा.

मुलाने पुढे इतिहास घेतला नाही. इलेक्ट्रिशियनचं शिकाऊ काम धरलं. शाळा सोडताना त्याने मला तो दुसरा क्रॉस आणून दिला, पॉपीचा कागद फिकट झालेला. मी त्या डिसेंबरात पुण्याला जाणार होते. खडकीच्या वॉर सिमेट्रीत १९१४-१८ चं स्मारक आहे, भारतात मेलेल्या १,८०० हून अधिक जणांचं. लहानपणी मी त्याच रस्त्याने शाळेत जायचे. त्याला म्हटलं, तिथे ठेवू का? किंवा नगरला, छावणीत कुठेतरी?

त्याने विचार केला. "तिथे तो नाहीये ना, मिस."

क्रॉस विभागाच्या कपाटात आहे, २०१६ च्या फाइलबरोबर.